येतो म्हणालात, सर

सुकुमार मगदूमला जाग आली तेव्हा त्याचं बोट बेलवर होतं, आणि बेल धनपाल आवटीच्या घराची होती.

दाबून झाली होती. आत ती वाजतही होती. तीच जुनी चिमणीची चिवचिव, जिला हे दोघे एके काळी दमेकरी चिमणी म्हणायचे. सुकुमारच्या दुसऱ्या हातात बॅगेचा दांडा, गळ्यात मानेची उशी आणि पायात विमानातले पांढरे कापडी सपाते. मागे रस्त्यावर एक काळी चकचकीत गाडी वळून निघाली होती आणि तिचा ड्रायव्हर काच खाली करून सकाळच्या जयसिंगपूरला 'हॅव अ नाइस डे' सांगत होता.

"अरे थांब," सुकुमार म्हणाला. गाडी गेली.

डोळे मिटण्याआधी तो शिकागोच्या लाउंजमध्ये होता. हातात गरम टॉवेल होता. मधलं जग कुठे गेलं हे त्याला विचारायचं नव्हतं, ते गायब करण्यासाठीच तर तो बिझनेस क्लासने जायचा. पण डोळे उघडायचे होते स्वतःच्या दारात. आणि हे दार तर असं, की तीन वर्षं तो या गल्लीतून स्कूटरसुद्धा नेत नव्हता.

दार उघडण्याआधी एवढं सांगून टाकतो, नाहीतर तुमचाही सुकुमार होईल.

सुकुमारची फाउंड्री. पंपाच्या बॉडी ओतायच्या आणि शिकागोला पाठवायच्या. तिकडच्या कंपनीला वर्षातून चार-पाचदा त्याला समोर बसवून प्रश्न विचारायची हौस, म्हणून तिकीट त्यांचंच, तेही बिझनेस क्लासचं. पहिल्या वेळी त्याने सीटची सगळी बटणं एकदम दाबली. पाय वर, डोकं खाली, आणि हवाईसुंदरी येईपर्यंत बिचारा सोळा देशांच्या आकाशात शीर्षासनात होता. लाउंजमध्ये फुकट आहे म्हणून इडली, पास्ता, खीर आणि कसलंसं निळं चीज एकाच ताटात घेतलं, मग चीजमध्ये नक्की काय असतं या शंकेने ताट तसंच ठेवून पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. शेजारचा जर्मन वासाने उठून गेला आणि थोड्या वेळाने भाकरी मागायला परत आला.

ही मजा दोन फेऱ्या टिकली. तिसऱ्या फेरीला कळलं, की सीट कितीही आडवी झाली तरी चौदा तास ते चौदा तासच. लाउंज म्हणजे सोफे टाकलेला एसटी स्टँड. माणूस गरम टॉवेलने तोंड तरी किती वेळा पुसणार?

तेवढ्यात गगनिका एअरलाइनने टिकली आणली.

कंपनीने तिला मोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण कानामागे चिकटवायची ती लालसर चकती बघून लोक टिकलीच म्हणायला लागले. तिचं शास्त्र तसं सोपं आहे. तुम्ही रोज स्कूटरवरून कारखान्यात जाता. पोचल्यावर आठवतं का, वाटेत कुठे ब्रेक मारला, कुठे वळलात? नाही. कारण मेंदूत दोन खाती आहेत. एक आठवणींचं. घडलेलं ते लिहून घेतं आणि जुनं काढून दाखवतं. दुसरं सवयीचं. ते लिहीत नाही, वाचत नाही, फक्त करतं. झोपेत चालणारी माणसं बघा, आठवणींचं खातं बंद आणि सवयीचं चालू. दार उघडतात, पाणी पितात, जिना उतरतात, सकाळी काही माहीत नसतं. टिकली बारीक विजेच्या ठोक्यांनी हेच करते, फक्त ठरवून. लाउंजमध्ये चिकटवली की आठवणींचं खातं गाढ झोपी जातं. तुमची सवय उठते, खाते, पासपोर्ट दाखवते, 'थँक यू' म्हणते, पट्टा बांधते. तुम्ही पोचल्यावर ताजेतवाने जागे. सोबतीला फोनमध्ये 'सखी' नावाचा आवाज. सवय कुठे अडखळली तर ती सांभाळून घेते.

सुकुमार खूश होता. भानगड एकच. गावात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या.

एकदा बाजारात धनपालने रस्त्यापलीकडून हाक मारली, "काय सुक्या, गुडघा कसा हाय आता?" गुडघ्याचं सुकुमारने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला संशय आला ड्रायव्हरचा. ड्रायव्हर बदलला. मग पुढच्या प्रवासाआधी धनपालच्या घरून कडक भाकरीचा डबा आला, 'विमानासाठी' म्हणून. आता संशय हिशेबनिसाचा. डबा आला तसा परत गेला. एका लग्नात तर धनपाल त्याच्याकडे बघून असा हसला, की जणू कालच दोघं एका ताटात जेवले होते. सुकुमारने खुर्ची उलटी फिरवून पाठ दाखवली. धनपालचा चेहरा पडला. तो का पडावा, हेही सुकुमारला कळेना. भांडणात पडलेला चेहरा म्हणजे फाऊल असतो.

आणि भांडण साधं नव्हतं. सुकुमारचा पन्नासावा वाढदिवस. चौकात त्याचा हा एवढा मोठा फ्लेक्स लागला. फोटो हसरा, गॉगल घातलेला. वर लिहिलं होतं 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल : धनपाल आवटी मित्रमंडळ'. बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, परत येणाऱ्या सुकुमारच्या आईने रिक्षातून तो बघितला, चालत्या रिक्षातून उतरायला गेली आणि चौकातच पडली. खुबा मोडला. तेव्हापासून बाई काठीवर आहे आणि बस्तीला जाणं संपलं. धनपालच्या आयुष्यभराच्या खोड्या गावाला पाठ होत्या, त्यामुळे चौकशी कुणी केलीच नाही. सुकुमारने तर नाहीच. लोकांनी आईला दवाखान्यात हलवल्यावर तो चौकात धावत आला, तेव्हा धनपाल फ्लेक्सखाली उभा होता, आणि हसत होता.

तर, दार उघडलं.

धनपालची बायको कांचनवहिनी. हातात लाटणं. "आला काय भावजी. या की. हे आंघोळीला गेलेत. धपाटी टाकलेत तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मग. काल फोनवर काय म्हणालात? सपाते काढू नका, राहू देत. फरशी गार हाय."

सुकुमार आत कसा गेला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही, आणि या वेळी तर टिकलीसुद्धा झोपलेली होती. धनपाल टॉवेलवर बाहेर आला. अंगावर साबणाचा फेस तसाच.

"आलास? मला वाटलं थापच मारालास."

"मी आलेलो नाही," सुकुमार म्हणाला.

"मग हे कोण उभारलंय?"

"ते मला माहीत नाही. गाडीनं सोडलं. तू कुणाला हाताशी धरलंयस, खरं सांग. ड्रायव्हर? एअरलाइनचं कोण?"

धनपाल खुर्चीत बसला. मग उठून टॉवेल घट्ट केला आणि पुन्हा बसला. "सुक्या, आता बास कर. विमानतळावरनं अर्धा-अर्धा तास बोलतोस. हसतोस. गुडघा, पोरगी, कारखाना, सगळं सांगतोस. आणि गावात आलास की रस्ता बदलतोस. मी आधी म्हटलं, गंमत करालास. पण इतकी लांब गंमत मी पण कधी केली नाही. भारी निघालास माझ्यापेक्षा."

"मी तुला फोन करतो?"

"मुंबईच्या नंबरवरनं. येताना अमेरिकेच्या नंबरवरनं. 'धन्या, बसलो बघ' म्हणतोस."

'बसलो बघ' हे सुकुमारचंच होतं. पूर्वी धनपाल त्याला बुलेटवरून एसटी स्टँडवर सोडायचा आणि गाडीत जागा मिळाली की सुकुमार फोन लावायचा. बसलो बघ. मग एसटीची रेल्वे झाली, रेल्वेचं विमान झालं, तो फोन राहिला. फ्लेक्सपर्यंत.

त्याने मोबाइल काढला. "सखी, मला इथं कुणी आणलं?"

"आपणच, सर," सखी गोड आवाजात म्हणाली. "शिकागो लाउंजच्या फोनवरून बोलताना शेवटी आपण म्हणालात, 'चल, येतो.' मी विचारलं, कुठे येणार? आपण म्हणालात, 'धन्याकडं.' पत्ताही आपणच सांगितलात, पिनकोडसकट. आपल्या घरपोच सेवेत मी तसा बदल केला."

आतून कांचनवहिनीचं हसू ऐकू आलं. त्या लाटण्यासकट बाहेर आल्या. "अहो बाई, आमच्यात निघताना येतो म्हणतात."

"निघताना येतो," सखी म्हणाली. "मग येताना काय म्हणतात?"

"आलो म्हणतात."

"समजलं. म्हणजे 'येतो' याचा अर्थ, येणार नाही."

"तसं पण नाही ओ. येणारच असतोय माणूस. कधीतरी."

यंत्राला घाम येत असता तर तेव्हा आला असता.

धनपाल मात्र हसला नाही. तो सुकुमारच्या कानामागे बघत होता. "ही ती टिकली काय? म्हणजे फोन करतोस तेव्हा तू झोपलेला असतोस?"

"झोपलेला नाही. पण मी नसतो. सवय असते नुसती." सुकुमारला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आपण फितूर झालो नव्हतो, यंत्राने केलं. "मी तुला कधी माफ केलेलं नाही धन्या. करणार पण नाही. आई अजून काठीवर हाय."

"तुला फ्लेक्सचं सगळं सांगितलं मी फोनवर. दर वेळी सांगतो, दर वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतोस. मला वाटायचं, मुद्दाम पुन्हा विचारालास."

"मी नाही ऐकलं."

"मग मी इतके दिवस कुणाशी बोललो?"

"खुर्चीशी म्हण."

तव्यावर धपाटं करपल्याचा वास आला. कांचनवहिनी जागच्या हलल्या नाहीत. धनपालने टॉवेलच्या टोकाने कानातला फेस पुसला, सावकाश, जणू त्याला त्यातून काही ऐकायचं होतं.

"बरं झालं सांगितलंस. आता फोन आला तर उचलणार नाही. झोपेतला तू पण नको आणि जागा पण नको."

सुकुमार बॅग ओढत निघाला. दारात त्याच्या तोंडातून निघालंच, "येतो." मग जीभ चावली. मोबाइलमधून सखी म्हणाली, "सर, हे येतो म्हणजे...?"

"गप," सुकुमार म्हणाला.

घरी बायकोने, त्रिशलाने, सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत विचारलं, "मग आता दोघांतला घरी कोण आलाय? म्हणजे तशी चहात साखर घालते." आई आतल्या पलंगावरून म्हणाली, "धनपाल बारीक झालाय काय रे?" सुकुमारने एअरलाइनच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला आणि तक्रार केली, की तुमच्या टिकलीमुळे मी नको त्या माणसाशी गोड बोलतोय.

डॉक्टर तरुण होत्या, आणि त्यांना ही तक्रार नवी नव्हती. "सवयीला राग येत नाही, मगदूम साहेब. राग यायला आठवण लागते. तुमची मैत्री सवयीच्या खात्यात आहे, भांडण आठवणींच्या. टिकली लावली की भांडण झोपतं."

"मग ते हसणं खोटं?"

"खोटं कसं म्हणू? तुमच्याच छातीतून येतं." त्या म्हणाल्या. "नक्की कुठून येतं, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण तो फोन बंद करता येईल. पुढच्या वेळी लाउंजमध्ये स्क्रीनवर विचारतील, 'हो' दाबा. टिकली तेवढी एक सवय दाबून धरेल. फक्त एक सांगते. दाबलेली सवय विरत जाते. काही फेऱ्यांनी ती जागेपणीही उरणार नाही. मग परत आणता येत नाही."

"नकोच आहे," सुकुमार म्हणाला.

पुढची फेरी श्रावणात आली. मुंबईच्या लाउंजमध्ये ग्लोरिया डाबरे नावाची वसईची मुलगी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये टिकली, गरम टॉवेल आणि एक छोटा स्क्रीन. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'मित्राला फोन करण्याची सवय कायमची थांबवायची आहे का?' खाली दोन चौकोन. हो. नाही.

सुकुमारने बोट उचललं. कारखान्यात शंभर ठिकाणी सह्या करणारं बोट, पण ते 'हो'च्या वर जाऊन नुसतंच थांबलं.

"घाई नाही सर," ग्लोरिया म्हणाली. "तुमच्या खुर्चीत बसा तोवर."

"माझी खुर्ची कुठली?"

"ती कोपऱ्यातली. फोनजवळची. शांतता कक्षात बसता आणि इतके मोठ्याने हसता, की दर वेळी मला येऊन सांगावं लागतं. तुम्ही सॉरी म्हणता, आणि मला भाकरी देता."

तो जाऊन बसला. खुर्ची अंगाच्या मापाची निघाली. टिकली न लावता लाउंज बघायची बऱ्याच दिवसांतली ही पहिलीच वेळ. सगळीकडे कानामागे लाल ठिपके. सुटाबुटातली माणसं चमच्याने सूप पीत होती, एकमेकांना वाट देत होती. शेजारचे एक गृहस्थ त्याच्याकडे वळून म्हणाले, "या की एकदा घरी." नजर पार भिंतीपलीकडे. ह्यांच्या घरी खरंच गेलो तर, असं सुकुमारच्या मनात आलं, आणि मग प्रश्न पडला, की आपल्या घरी असंच कुणी आलं तर आपण दार तरी उघडू का.

टेबलावर लाउंजचा फोन होता. मोबाइलमधून धनपालचा नंबर त्याने केव्हाच पुसून ब्लॉक केला होता, म्हणून बोटं बिचारी इथे यायची. त्याने रिसीव्हर उचलला. नंबर आठवायला गेला तर आठवेना. शेवटी खिडकीबाहेर विमानात चढवत असलेल्या जेवणाच्या पेट्यांकडे बघत राहिला आणि बोटांना मोकळं सोडलं. बोटांनी नंबर लावला.

वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा मात्र उचलला गेला. पलीकडे दमेकरी चिमणी वाजली आणि कांचनवहिनींचा आवाज आला, "दूधवाला आलाय बघा."

"धन्या," सुकुमार म्हणाला. "बसलो बघ."

धनपाल म्हणाला, "आज टिकली नाही वाटतं."

"कशावरनं?"

"झोपेतला तू एकदाच लावतोस. नाही उचलला की परत लावत नाहीस. आणि आज आवाज अडखळालाय."

"तू उचलणार नव्हतास."

"तिसऱ्यांदा वाजला म्हणून उचलला. बोल. का लावलास?"

का लावला, हे सुकुमारला अजिबात माहीत नव्हतं. ग्लोरियाने आणून ठेवलेला ट्रे समोरच होता. स्क्रीनवरचा प्रश्न तसाच लुकलुकत होता. "फ्लेक्सचं सांग," तो म्हणाला. "मी ऐकलेलं नाही."

"तू..." धनपाल थांबला. मग त्याने सांगितलं. त्या दिवशी त्याने फ्लेक्सवाल्याकडे दोन कामं दिली होती. एक सुकुमारच्या वाढदिवसाचं. दुसरं गल्लीतले जिन्नाप्पाकाका वारले होते, त्यांच्या श्रद्धांजलीचं. फ्लेक्सवाल्याने फोटोंची अदलाबदल केली. "तुला श्रद्धांजली मिळाली. आणि तिकडं काकांच्या दारात काका, कपाळाला गंध, डोळे मिटलेले, आणि वर लिहिलेलं 'वाघ आहे वाघ, भावी नगराध्यक्ष'. त्यांची पोरं अजून माझ्याशी बोलत नाहीत."

सुकुमारने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला आधी काकांच्या फ्लेक्सचाच फोटो आला मोबाइलवर," धनपाल म्हणाला. "तो बघून मी हसत होतो. माझ्या डोक्यावर काय लागलंय बघितलंच नव्हतं. आई पडल्याचं मला माहीत नव्हतं, सुक्या. तू आलास आणि मी हसताना दिसलो. मग कोण ऐकणार? मी जन्मभर एकच धंदा केला, लोकांना बनवायचा. खरं बोलायची वेळ आली तर गिऱ्हाईकच नाही."

हे खरं असेल का? की ही सगळ्यात मोठी बनवाबनवी? सुकुमारला ठरवता येईना. टिकलीवाला सुकुमार इथे दर वेळी हसला होता म्हणे. त्याला सोपं होतं, त्याला चौक आठवत नव्हता. जाग्या सुकुमारला चौक दिसत होता, रिक्षा दिसत होती, आईची चप्पल दिसत होती.

"मला हसू येईना धन्या."

"नको हसू. जागेपणी ऐकलंस ना, बास."

विमानाची घोषणा झाली. लाल ठिपके एकदम उठून रांगेत लागले, एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत.

"चल," सुकुमार म्हणाला. "येतो."

टेबलावरच्या मोबाइलमधून लगेच आवाज आला. "सर, आपण येतो म्हणालात. हे निघतानाचं, की येतानाचं? यायचं असेल तर केव्हाची गाडी सांगू?"

सुकुमार मोबाइल बंद करायला गेला. रिसीव्हरमधून धनपाल म्हणाला, "ऐकू आलं मला. बाई बरोबर विचारालीय. आपण जन्मभर येतो येतो म्हणतोय, केव्हा म्हणून कुणी कुणाला विचारलंच नाही. उत्तर दे की तिला."

ग्लोरिया टिकलीचा ट्रे उचलायला आली होती. सुकुमारने स्क्रीनकडे बघितलं आणि 'नाही' दाबलं. टिकली तशीच ट्रेमध्ये राहू दिली.

"परत आलो की त्याच रविवारी," तो सखीला म्हणाला. "सकाळी. आधी बस्ती, मग धन्याचं घर."

"प्रवासी किती, सर?"

"दोन. एकीला चढायला पायरी लागेल. काठी हाय तिच्याजवळ."

रिसीव्हरमध्ये धनपालने घसा खाकरला. एकदा, दोनदा. सुकुमारला हा माणूस पहिलीपासून माहीत होता. असा घसा खाकरल्यावर तो एक तर रडतो, नाहीतर काहीतरी अचाट बोलतो.

"आई येणार म्हणजे," धनपाल म्हणाला, "चौकात स्वागताचा फ्लेक्स लावू काय?"

सुकुमारने डोळे मिटले. मग हसू पोटातून निघालं, वर आलं, आणि त्याला थांबवता आलं नाही. रांगेतले चार लाल ठिपके वळून बघायला लागले. ग्लोरिया ट्रे हातात धरून, ओठांवर बोट ठेवून उभी राहिली, दर वेळी राहायची तशी.

"सॉरी," सुकुमार म्हणाला, आणि पिशवीत हात घालून भाकरी शोधायला लागला.